सूत्रांना एकदा उलटं विचारून बघा: मराठी न्यूज चॅनेलच्या संपादकांना खुलं पत्र

संपादक मंडळी, नमस्कार.

हे पत्र मराठीत चोवीस तास बातम्या चालवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे, कोणा एकाला नाही, त्यामुळे 'हे आमच्याबद्दल नसणार' म्हणून कोणी अंग काढून घेऊ नये ही पहिली विनंती. मी पत्रकार नाही, सैन्यात नव्हतो, कुठल्या पक्षाचा तर अजिबातच नाही. टीव्ही बघतो, पेपर वाचतो आणि जुन्या बातम्या लक्षात ठेवायची एक वाईट खोड आहे, बस.

८ मे २०२५ ची रात्र आठवतेय ना? पहलगामला २६ माणसं मारली होती, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली, तीन तर डोंबिवलीची. ७ तारखेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि सकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी, विंग कमांडर व्योमिका सिंह यांनी येऊन नऊ ठिकाणं कुठली, का निवडली ते आवाज न चढवता सांगितलं. इथपर्यंत छान चाललं होतं. आणि मग ८ च्या रात्री टीव्हीवर जे काही सुरू झालं... कराची बंदर उद्ध्वस्त, आयएनएस विक्रांतचा हल्ला, आपल्या फौजा आत घुसल्या, इस्लामाबाद हातात, पाकिस्तानी लष्करप्रमुख असीम मुनीरला अटक. पुढे हिंदी-इंग्रजीवाले होते हे मान्य, पण मराठी पट्ट्यांवरसुद्धा तेच वाहत आलं, फक्त 'सूत्रांची माहिती' एवढं शेपूट लावून. लोक रात्रभर जागे, ग्रुपवर मेसेजवर मेसेज, कोणी पेढे वाटायच्या गोष्टी करतंय तर कोणाचा मुलगा बॉर्डरवर आहे त्याची आई रडतेय.

११ मे ला तिन्ही दलांची प्रेस झाली. व्हाइस अॅडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितलं की नौदल पुढे तैनात होतं, आणि ठरवू त्या वेळी कराचीसकट समुद्रावरची आणि जमिनीवरची टार्गेट उडवायची पूर्ण तयारी होती. तयारी होती! म्हणजे तुम्ही जे बंदर तीन दिवसांपूर्वी जाळून टाकलं होतं त्यावर हल्ला झालाच नव्हता. त्यानंतर तुमच्यापैकी किती जणांनी, त्याच मोठ्या अक्षरात, त्याच प्राइम टाइमला, 'आम्ही ८ तारखेला चुकीचं सांगितलं' असं दाखवलं? मी तरी मराठीत कुठे बघितलं नाही, कोणी दाखवलं असेल तर त्याला मनापासून सलाम.

आता तुम्ही म्हणाल, युद्धाच्या गडबडीत होतं असं. होतं ना. पण मला वेगळंच म्हणायचंय. २६/११ नंतर तुम्ही एक धडा शिकलात, काय दाखवायचं नाही याचा. कोणाला काय विचारायचं, हा दुसरा धडा मात्र तसाच राहिला, आणि माझ्या मते जास्त महाग पडतोय तो हा दुसराच.

पहिला धडा कसा मिळाला ते इथे मुंबईत सगळ्यांना माहिती आहे तरी सांगतो, कारण तुमच्या डेस्कवर आज बसलेली बरीच पोरं २००८ ला शाळेत असतील. दहा अतिरेकी इथे आणि त्यांना फोनवरून हाकणारे कराचीत, टीव्हीसमोर. ते फोन एटीएसने पकडून रेकॉर्ड केले, कोर्टात आले. त्यात हँडलर ताजमधल्या पोरांना सांगतोय की तुमच्या हॉटेलात तीन मंत्री आणि एक सेक्रेटरी आहेत, शोधा. सारखा मागे लागलाय की आग लावा आग लावा, ज्वाळा दिसल्या की लोक घाबरतील. आणि २८ तारखेच्या सकाळी नरीमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो दोरावरून उतरत होते ते अख्ख्या जगाने लाइव्ह बघितलं, अर्थात कराचीनेही. २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने कसाबची फाशी कायम केली तेव्हा न्या. आफताब आलम आणि न्या. सी. के. प्रसाद यांनी यावर वेगळं लिहिलं. कव्हरेजमुळे एखादा जवान गेला का हे सांगता येणार नाही, पण त्यामुळे जवानांचं काम फार अवघड आणि धोक्याचं झालं यात शंका नाही, आणि हे देशहितासाठी नाही तर चॅनेलच्या धंद्यासाठी चाललं होतं, असा त्याचा आशय. पुढे केबल टीव्हीच्या नियमांत कलम आलं की अतिरेकीविरोधी कारवाई चालू असताना लाइव्ह नाही, सरकारने नेमलेला अधिकारी वेळोवेळी ब्रीफिंग देईल तेवढंच दाखवायचं. २६ एप्रिल २०२५ ला, म्हणजे पहलगामनंतर चार दिवसांनी, माहिती-प्रसारण खात्याने कारगिल, कंदहारचं विमान अपहरण आणि २६/११ ची नावं घेऊन परत आठवण करून दिली.

तुम्ही कॅमेरे आवरले, मान्य. पण कॅमेरा बंद झाल्यावर स्क्रीन रिकामी कशी ठेवणार, मग ती भरली ग्राफिक्सने, व्हिडिओ गेममधल्यासारख्या मिसाइलने, सायरनने (त्या सायरनचा एवढा अतिरेक झाला की १० मे ला सिव्हिल डिफेन्सवाल्यांना सांगावं लागलं की बाबांनो प्रोग्राममध्ये सायरन वाजवू नका, खरा वाजेल तेव्हा लोक हलायचे नाहीत) आणि मुख्य म्हणजे सूत्रांनी.

२६/११ मधलीच अजून एक गोष्ट, जी ताजच्या धुरात विसरली गेली. २८ नोव्हेंबरच्या रात्री पाकिस्तानचे अध्यक्ष झरदारी यांना फोन आला, समोरचा म्हणाला मी प्रणव मुखर्जी (आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री) बोलतोय, आणि धमकीच दिली. झरदारींच्या लोकांनी तो खरा धरला. पाकिस्तानी हवाई दल हाय अलर्टवर गेलं. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी मुखर्जींना गाठून विचारलं तेव्हा कळलं की असा फोन यांनी केलेलाच नाही. दोन अण्वस्त्रवाले देश, आणि मध्ये एक भामटा! ही भानगड डिसेंबरमध्ये कराचीच्या 'डॉन'ने छापली, आणि पुढच्या वर्षी त्याच पेपरने लिहिलं की फोन करणारा ओमर शेख होता, तोच तो अतिरेकी, अपहरणाच्या वेळी कंदहारला आपण सोडलेला, आणि हे सगळं तिकडच्या जेलमध्ये बसून. आता विचार करा, एका खोट्या फोनने एवढं होत असेल तर शंभर चॅनेल एका वेळी 'फौजा घुसल्या' म्हणून ओरडतात तेव्हा रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयात बसलेला माणूस काय समजत असेल? तिकडेही टीव्ही बघणारा कोणी ड्युटीवर असतोच. तुम्हाला वाटतं तुम्ही सांगली-सोलापूरच्या प्रेक्षकांशी बोलताय. ऐकणारे बरेच असतात.

आणि त्याच 'डॉन'चं दुसरं काम बघा. कसाब आमचा नाहीच असं पाकिस्तान सरकार छातीठोकपणे सांगत होतं. डॉनचे बातमीदार त्यांच्या पंजाबातल्या फरीदकोट गावात गेले, त्याच्या बापाला भेटले, आणि तो म्हणाला हो, फोटोतला माझाच मुलगा. आपलं सरकार जे पुरावे डॉसियरमध्ये घालून जानेवारीत देणार होतं, त्यातला सगळ्यात टोचणारा पुरावा डिसेंबरमध्येच त्यांच्याच पेपरमध्ये आला होता. ७ जानेवारी २००९ ला त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद दुर्रानी माध्यमांशी बोलताना कबूल करून बसले की कसाब पाकिस्तानी आहे, आणि काही तासांत त्यांची नोकरी गेली. पण कबुली तर आली ना. इकडे मुंबईत सीएसटीवर सेबॅस्टियन डिसूझा हा 'मुंबई मिरर'चा फोटोग्राफर हातात फक्त कॅमेरा घेऊन आत गेला, कसाबचा तो जगभर गेलेला फोटो काढला आणि नंतर कोर्टात साक्षीला उभा राहिला. माध्यमं सुरक्षेच्या आड येतात हे सरकारी रडगाणं मला म्हणूनच पटत नाही. ही दोन्ही कामं गावात किंवा स्टेशनात प्रत्यक्ष पोचलेल्या माणसांनी केली, स्टुडिओतून झाली नाहीत.

आता सूत्रांकडे येतो. गुप्तचर खात्याचा माणूस पत्रकाराला काही सांगतो तेव्हा का सांगतो? कधी खरंच लोकांना कळावं म्हणून, कधी समोरच्या देशाला निरोप जावा म्हणून, कधी आपल्याच दुसऱ्या खात्यावर खापर फोडायला, आणि कधी पुढे जे करायचं आधीच ठरलंय त्यासाठी हवा तयार करायला. याचं जगातलं सगळ्यात महागडं उदाहरण इराक. ८ सप्टेंबर २००२, रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर सरकारी माणसांच्या हवाल्याने बातमी, की सद्दाम अणुबॉम्बसाठी लागणाऱ्या अॅल्युमिनियमच्या नळ्या विकत घ्यायचा प्रयत्न करतोय. त्याच दिवशी उपाध्यक्ष चेनी टीव्हीवर येऊन म्हणतात बघा, आज टाइम्समध्येच आलंय. म्हणजे सरकारने पेपरला सांगायचं आणि मग पेपरचा दाखला सरकारनेच द्यायचा! अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले तज्ज्ञ म्हणत होते की नळ्या रॉकेटच्या दिसतायत, पण ते कोण ऐकतो. पुढे ५ फेब्रुवारी २००३ ला कॉलिन पॉवेल युनोत जाऊन जैविक शस्त्रांच्या फिरत्या लॅबबद्दल बोलले, ती माहिती 'कर्व्हबॉल' नावाच्या एका इराकी निर्वासिताची, तो जर्मन गुप्तचरांकडे, आणि आपण खोटं बोललो हे त्याने स्वतः २०११ ला कबूल केलं. ब्रिटनमध्ये '४५ मिनिटांत हल्ला' अशा हेडलाइन लागल्या, प्रत्यक्षात तो दावा रणांगणावरच्या छोट्या शस्त्रांचा होता, आणि २००४ च्या सरकारी चौकशीच्या बटलर अहवालाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. त्याच काळात नाइट रिडर या वृत्तपत्रसमूहाच्या वॉशिंग्टन ब्युरोचे बातमीदार मात्र मंत्र्यांना सोडून खालच्या पदांवरच्या अधिकाऱ्यांना आणि तज्ज्ञांना फोन करत बसले, त्यांच्या बातम्या खऱ्या निघाल्या आणि तेव्हा फारशा कोणी वाचल्या नाहीत.

हे लांबचं वाटत असेल तर एवढंच सांगतो, २००३ ला अमेरिकेने आपल्याकडेही इराकसाठी फौज मागितली होती आणि १४ जुलैला वाजपेयी सरकारने नाही म्हटलं. नाही तर कर्व्हबॉलच्या थापेचा हिशोब साताऱ्या-कोल्हापुरातल्या घरांनाही द्यावा लागला असता. आणि न्यूयॉर्क टाइम्सला आपण कितीही नावं ठेवू, २६ मे २००४ ला त्यांनी संपादकांच्या नावाने छापलं की आमच्या इराकच्या बातम्यांत हे हे चुकलं. तुमच्याकडे अशी एखादी पट्टी कधी चालली आहे का?

आपल्याकडे तर तुमची जबाबदारी अजून वाढते, कारण दुसरं विचारणारं कोणी नाही. अमेरिकेत सिनेटच्या समितीने इराकच्या गुप्तचर माहितीची चिरफाड केली, ब्रिटनमध्ये बटलर. आपल्या रॉ आणि आयबीवर संसदेची देखरेख समिती नाही. माहिती अधिकारातून दोन्ही संस्था वगळलेल्या, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे विषय सोडले तर. कारगिलनंतर निदान के. सुब्रह्मण्यम यांची समिती तरी झाली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, २००० साली संसदेत आला. २६/११ ला १६६ माणसं गेली आणि देशपातळीवर तसा एकही आयोग नाही. महाराष्ट्र सरकारची राम प्रधान समिती होती पण तिचा आवाका मुंबई पोलिसांपुरता. ब्रिटिश गुप्तचर लष्कर-ए-तोयबाच्या झरार शाहच्या कॉम्प्युटरवर आधीपासून नजर ठेवून होते आणि तरी धागे जुळले नाहीत, हे आपल्याला कळलं डिसेंबर २०१४ मध्ये, तेही न्यूयॉर्क टाइम्स, प्रोपब्लिका आणि फ्रंटलाइनने, अमेरिकी गुप्तचरांचे कागद फोडणाऱ्या स्नोडेनच्या कागदांतून काढलं म्हणून. आपल्या शहरावरच्या हल्ल्याची माहिती आपल्याला अमेरिकेतून वाचायला लागते याची कोणाला लाज वाटते की नाही, मला वाटते.

तीच तऱ्हा २०२५ मध्ये. सिंदूरमध्ये आपली विमानं पडली का, हे विचारणारा देशद्रोही ठरत होता. आणि ३१ मे ला तेव्हाचे सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, जनरल अनिल चौहान यांनी आकडा न देता, पण स्पष्ट, मान्य केलं की सुरुवातीला नुकसान झालं, मग का झालं ते शोधून डावपेच बदलले आणि परत हल्ला केला. कुठे सांगितलं? सिंगापूरमध्ये, ब्लूमबर्गला. किती समजूतदार उत्तर होतं ते! इथे कोणी नीट विचारलं असतं तर कदाचित इथेच मिळालं असतं.

बालाकोटचंही तसंच. २६ फेब्रुवारी २०१९ ला परराष्ट्र सचिव गोखले यांच्या निवेदनात मेलेल्यांचा आकडा नव्हता, 'फार मोठ्या संख्येने' एवढंच होतं, टीव्हीवर मात्र दुपारपर्यंत ३०० झाले, ३५० झाले. दुसऱ्या दिवशी बडगामला आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, हवाई दलाचे सहा जण गेले, त्यात एक वैमानिक नाशिकचा. ते आपल्याच मिसाइलने पडलं हे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी मोठी चूक म्हणून मान्य केलं ऑक्टोबरमध्ये. हवाई दलाने कबूल केलं, कारवाई पण केली. मधल्या सात महिन्यांत मराठी चॅनेलनी किती वेळा विचारलं की आमच्या नाशिकचा पोरगा गेला कसा?

अजून एक, जरा नाजूक आहे. ११ जुलै २००६ चे लोकल बॉम्बस्फोट. ३० सप्टेंबरला पोलीस आयुक्त ए. एन. रॉय यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं, केस सुटली, आयएसआयने आखलं, लष्कर-ए-तोयबाने केलं. याच्या दोन आठवडे आधी हवानामध्ये मनमोहन सिंग आणि मुशर्रफ यांनी दहशतवादाविरुद्ध संयुक्त यंत्रणा करायचं ठरवलं होतं, म्हणजे त्या एका प्रेसचं वजन किती होतं ते बघा. तुम्ही आरोपींच्या घरांपासून नकाशांपर्यंत सगळं दाखवलंत. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराच्या बारा जणांना निर्दोष सोडलं. सुप्रीम कोर्टाने त्या निकालाचा दाखला इतर केसमध्ये द्यायला स्थगिती दिलीय, प्रकरण संपलेलं नाही, आणि मला त्यातलं खरं-खोटं इथे ठरवायचं नाही. पण २००६ ला जे 'सिद्ध झालं' म्हणून चाललं तो पोलिसांचा दावा होता, आणि दावा म्हणून तो कोणीच सांगितला नाही. आणि सिंदूरच्या वेळी पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्याने मेलेल्या मदरशाच्या एका शिक्षकाला काही चॅनेलनी अतिरेकी करून टाकलं, पूंछ पोलिसांना खुलासा काढावा लागला. आपला माणूस, त्यांच्या गोळ्याने मेला, आणि आपणच त्याला त्यांचा ठरवला.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं नाही. सरकार वेळेवर बोलत नाही, शेजारच्या चॅनेलने लावलं की वरून फोन येतो 'आपल्याकडे का नाही', दिल्लीत संरक्षण बीट बघणारा पूर्ण वेळ मराठी माणूस ठेवणं परवडत नाही. तरी काही गोष्टींना पैसे लागत नाहीत. माहिती कुठल्या जातीची आहे ते सांगा, कॅमेऱ्यासमोर दिलेलं ब्रीफिंग, नाव न सांगणारा अधिकारी, परदेशी एजन्सी, की नुसता फिरत आलेला व्हिडिओ. सूत्र म्हणजे कोणाचं तरी नाव फोडा असं कोणी म्हणत नाही, पण 'गृहखात्यातला अधिकारी' आणि 'सैन्यातला अधिकारी' यात फरक आहे, तेवढा तरी सांगा. त्याला विचारा की हे तुम्हाला कसं माहिती, आणि हे मला आजच का सांगताय. 'कन्फर्म नाही सर' म्हणणाऱ्या रिपोर्टरला झापू नका, त्या रात्री न्यूजरूममधला सगळ्यात देशभक्त माणूस तोच होता. डेस्कवर एकाला रोज डॉन वाचायला बसवा, वर्गणीसुद्धा नाही लागत. आणि चुकलं तर जेवढ्या मोठ्या अक्षरात चुकलं तेवढ्याच मोठ्या अक्षरात सांगा.

यातलं काहीच जमत नसेल तर निदान एका ठिकाणी सुरुवात करा. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणाला १० एप्रिल २०२५ ला अमेरिकेतून दिल्लीत आणलं. तो उतरल्यापासून 'राणाने चौकशीत सांगितलं' म्हणून किती ब्रेकिंग झाल्या, मी मोजणं सोडलं. कोठडीत पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे तुमच्या क्राइम रिपोर्टरला झोपेत विचारलं तरी येईल, मग प्रेक्षकांना का सांगत नाही? ही केस मुंबईची आहे, माणसं मुंबईची मेलीत, पण खटला दिल्लीत पटियाला हाऊसच्या एनआयए कोर्टात आहे आणि वर्षानुवर्षं चालेल. हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीबद्दल, तो अमेरिकेच्या ड्रग्ज खात्याचा खबऱ्या असताना त्यांना काय माहिती होतं आणि त्यांनी आपल्याला काय सांगितलं, याबद्दल जे काही कधी बाहेर यायचं असेल ते बहुतेक तिथल्याच कागदांतून येईल. तर प्रत्येकाने एक मराठी रिपोर्टर तिकडे पाठवा, परवडत नसेल तर चौघांनी मिळून एक पाठवा, तारखेला कोर्टाबाहेर बसवा, वकिलांना गाठू दे, दाखल झालेले कागद वाचू दे, आणि त्याने 'आज काही झालं नाही, पुढची तारीख अमुक' एवढंच सांगितलं तर तेवढंच दाखवा. मी बघेन.

कळावे,
तुमचाच एक प्रेक्षक, मुंबई